देव न मानणाऱ्यांचं मंडळ

दिवाळीत एकदा तरी लेस्टरला गेलं नाही असं इंग्लंडातलं मराठी घर विरळाच. बेलग्रेव्ह रोडची रोषणाई, फटाके, साड्यांची आणि सोन्याची दुकानं, गरमागरम फाफडा-जिलेबी. मुलांना खरी दिवाळी दाखवायची तर भारताच्या तिकिटाआधी लेस्टर, असं आमच्याकडे गमतीने म्हणतात. पण त्या गर्दीतून बाहेर पडून शहराच्या मध्याकडे थोडं चालत गेलात, तर हंबरस्टोन गेट नावाचा रस्ता लागतो. तिथे ७५ नंबरला एक जुनी विटांची इमारत आहे. दर्शनी भागावर पाच अर्धपुतळे बसवलेले आहेत : सॉक्रेटिस, येशू ख्रिस्त, व्हॉल्टेअर, थॉमस पेन आणि रॉबर्ट ओवेन. ही पाच मंडळी एका रांगेत बसवायचं कुणाच्या डोक्यात आलं असेल?

इमारतीचं नाव लेस्टर सेक्युलर हॉल. रविवार, ६ मार्च १८८१ रोजी तिचं उद्घाटन झालं. ती बांधली देव न मानणाऱ्या, किंवा देवाविषयी शंका असणाऱ्या माणसांनी, आणि स्वतःच्या पैशाने. लेस्टरला माझं दीड वर्षं क्लायंटकडे काम होतं, तेव्हा या इमारतीवरून रोज जाणं-येणं व्हायचं. मग वाचत गेलो. एक प्रश्न काही डोक्यातून जाईना. देव मानत नाही म्हटल्यावर देऊळ, पूजा, प्रवचन सगळंच संपलं. रविवारी सकाळी निवांत झोपता येतं. मग या लोकांना दर रविवारी एकत्र जमायची गरज का वाटली? आणि तीही इतकी, की त्यांनी त्यासाठी इमारत बांधावी?

आधी तो काळ कसा होता ते सांगतो. आज इथे कुणी 'मी नास्तिक आहे' म्हणालं तर समोरचा 'बरं, चहा घेणार का?' असं विचारतो. तेव्हा तसं नव्हतं. जॉर्ज जेकब होलिओक नावाचा एक तरुण १८४२ मध्ये चेल्टनहॅमला व्याख्यान द्यायला गेला. विषय होता गरिबांच्या वसाहतींचा. व्याख्यान संपल्यावर श्रोत्यांमधून एकाने विचारलं, तुमच्या या योजनेत देवाविषयीच्या कर्तव्याचं काय? होलिओकने उत्तर दिलं ते असं, की देश इतका गरीब आहे की देवालाही निवृत्त अधिकाऱ्यासारखं अर्ध्या पगारावर ठेवायला हवं. आपल्याकडे व्याख्यानमालेत असं कुणी बोललं तर हशा होईल, फार तर दोन पत्रं छापून येतील. होलिओकला ईश्वरनिंदेबद्दल सहा महिने तुरुंगवास झाला, आणि तो तुरुंगात असतानाच त्याची छोटी मुलगी वारली.

याच होलिओकने १८५१ मध्ये 'सेक्युलॅरिझम' हा शब्द रूढ केला. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत १९७६ साली 'सेक्युलर' शब्द आला, त्याचं मूळ इथे आहे. आपल्याकडे त्याचा अर्थ बदलला तो भाग वेगळा. होलिओकचं म्हणणं साधं होतं : परलोक असेल-नसेल, त्यावर वाद घालत बसू नका. माणसाचं भलं याच जगात, बुद्धीच्या आणि अनुभवाच्या जोरावर करायचं आहे, त्याला लागा.

शब्द मिळाला म्हणून अडचणी सुटल्या नाहीत. १८६९ पर्यंत इंग्लंडात नास्तिकाची साक्ष कोर्टात चालत नसे. देवाची शपथ घेता येत नाही, म्हणजे तुमच्या शब्दाला किंमत नाही. तुमच्या घरी चोरी झाली आणि चोर तुम्ही डोळ्यांनी पाहिला, तरी तुम्ही साक्षीदार नाही! एकट्याने विचार करायला कुणी अडवत नव्हतं. पण त्या विचारांसकट समाजात राहायचं, तर सोबत लागणार होती.

लेस्टरची सोसायटी १८५१ मधली, जगातली सगळ्यात जुनी सेक्युलर सोसायटी असं ती स्वतःबद्दल सांगते. मधल्या काळात तिने बऱ्याच वेळा मान टाकली आणि पुन्हा उभी राहिली. तिला बळ दिलं ते जोसाया जिमसन या कारखानदाराने. हा पेशाने इंजिनिअर, म्हणून मला जरा जास्तच जवळचा. त्याच्या व्हल्कन वर्क्समध्ये वाफेची इंजिनं तयार व्हायची. लेस्टरच्या ॲबी पंपिंग स्टेशन म्युझियममध्ये मुलांना घेऊन गेला असाल तर तिथली ती अजस्र इंजिनं आठवा. ती जिमसन कंपनीचीच, १८९१ ची.

१८७० च्या दशकाच्या सुरुवातीला होलिओकचं व्याख्यान लेस्टरमध्ये ठेवायचं ठरलं आणि हॉल नाकारला गेला. हॉल मिळवणं म्हणजे काय असतं ते आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीला विचारा. शाळेचा हॉल, कम्युनिटी सेंटर, चर्चचा हॉल, 'स्वयंपाक करणार का? मग नाही', 'समया पेटवणार का? मग फायर अलार्मचं काय?' ही वणवण आपल्याला चांगली ठाऊक आहे. पण आपल्याला एक हॉल मिळाला नाही तर दुसरा मिळतो. त्यांना त्यांच्या विचारांमुळे हॉल मिळत नव्हता. जिमसन आणि त्याच्या मित्रांनी १८७३ मध्ये सरळ 'लेस्टर सेक्युलर हॉल कंपनी' काढली, शेअर विकले आणि स्वतःचा हॉल बांधायला घेतला. व्हायला आठ वर्षं लागली.

उद्घाटनाला त्या चळवळीतली सगळी मोठी माणसं आली होती. स्वतः होलिओक होता. चार्ल्स ब्रॅडलॉ होता, त्याच्याकडे पुढे येतोच. हॅरिएट लॉ होती, जी गावोगाव फिरून व्याख्यानं द्यायची आणि जिने एक नियतकालिकही चालवलं होतं. आणि ॲनी बेझंट होती. होय, आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या होमरूलवाल्या, १९१७ च्या काँग्रेस अध्यक्षा ॲनी बेझंट! थिऑसॉफीकडे वळण्याआधी, म्हणजे १८८९ पर्यंत, त्या इंग्लंडातल्या नास्तिकांच्या आघाडीच्या वक्त्या होत्या.

हॉल उभा राहिला तसं गावात वादळही उठलं. लोकांचा राग सॉक्रेटिसवर किंवा ओवेनवर नव्हता. येशूला तिथे का बसवलं, आणि तेही व्हॉल्टेअर आणि पेन यांच्या पंगतीला, यावर तो होता. सोसायटीची बाजू अशी, की आम्ही त्याला देव म्हणून नाही, माणसांना शिकवणारा माणूस म्हणून बसवलं आहे. मला यात त्यांचा मोठेपणा दिसतो. ज्या परंपरेतून बाहेर पडलो तिच्यातलं जे चांगलं वाटलं, ते त्यांनी फेकून दिलं नाही. आपल्या घरात तुकोबांचा फोटो ठेवून पूजाअर्चा न करणारी माणसं असतात, त्यांना हे लगेच समजेल.

आत काय चालायचं? दर रविवारी व्याख्यान, नंतर प्रश्नोत्तरं. प्रश्न विचारायला पाद्रीही येऊ शकत. मुलांसाठी रविवारची शाळा होती, वाचनालय होतं, गाणं-बजावणं होतं, सहली होत्या. जानेवारी १८८४ मध्ये विल्यम मॉरिसने इथे कला आणि समाजवाद या विषयावर व्याख्यान दिलं. त्या वेळी जोसायाचा एकोणीस वर्षांचा मुलगा अर्नेस्ट त्याला भेटला, त्याच्या सल्ल्याने लंडनला गेला, आणि पुढे इंग्लंडातला नामवंत फर्निचर डिझायनर आणि आर्किटेक्ट झाला. बर्नार्ड शॉ इथे बोलून गेला, क्रोपोटकिन बोलून गेला. थोडक्यात सांगायचं तर वसंत व्याख्यानमाला, बालवर्ग आणि कोजागिरी, सगळं एकाच छपराखाली!

आता खरी गोष्ट सांगतो. आमच्या धंद्यात 'लिगसी सिस्टीम' हा एक छळ असतो. तीस वर्षांपूर्वीचं जुनं सॉफ्टवेअर, कुणाला नीट कळत नाही, सगळ्यांना काढून टाकायचंय. एक दिवस तुम्ही त्यातला एक भाग बंद करता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं की पगाराच्या स्लिपा त्याच्यातून छापल्या जात होत्या. धर्म सोडणाऱ्यांचं तेच झालं. त्यांनी देवाला रजा दिली, आणि मग एकेक लक्षात येऊ लागलं. मुलाचं नाव ठेवायचं, ते कसं? लग्न लावायचं, ते कुणी? आणि सगळ्यात अवघड, माणूस गेला की त्याला निरोप कोण देणार, काय म्हणून देणार?

या प्रश्नाला १८७१ मध्ये एका लहानशा पुस्तकाने उत्तर दिलं. होलिओकचा भाऊ ऑस्टिन आणि चार्ल्स वॉट्स या दोघांनी मिळून सेक्युलर मंडळींसाठी गाणी आणि विधी यांचं पुस्तक तयार केलं. त्यात बाळाचं नाव ठेवण्याचा समारंभ होता, अंत्यविधीला बोलायचे शब्द होते, सगळ्यांनी मिळून म्हणायची गाणी होती. १८७६ मध्ये बेझंटबाईंनीही एक गीतसंग्रह काढला. कुणी म्हणेल, ही तर नास्तिकांची पोथी झाली! त्या काळातही हसणारे हसलेच असतील. पण ऑस्टिन होलिओक स्वतः १८७४ मध्ये, ऐन उमेदीत वारला. शेवटच्या आजारात, मरण समोर दिसत असताना, त्याने आपले विचार सांगून लिहून घेतले. मरताना नास्तिक घाबरतो आणि देवाला शरण जातो, असं पाद्री नेहमी सांगत, त्याला त्याने दिलेलं ते उत्तर होतं. दुसऱ्यांसाठी निरोपाचे शब्द लिहिणाऱ्या माणसाला ते शब्द किती हवे असतात, हे यावरून समजतं.

विधी किती ठेवायचे यावर या लोकांचं आपसातही एकमत नव्हतं. एफ. जे. गूल्ड हा शिक्षक १८९९ मध्ये लेस्टर सोसायटीचं काम पाहायला आला. मुलांना धर्माशिवाय नीती कशी शिकवायची, हा त्याचा ध्यास. १९११ मध्ये त्याने त्यासाठी पूर्वेकडच्या परंपरा, काव्य आणि इतिहास यांतल्या गोष्टींचं एक पुस्तकही केलं. पण नुसत्या व्याख्यानांनी त्याचं समाधान होईना. त्याला भावना हव्या होत्या, थोर माणसांचं स्मरण हवं होतं. शेवटी १९०८ मध्ये तो बाहेर पडून ऑगस्ट कोंतच्या मानवतेच्या धर्माकडे गेला. मंडळ म्हटलं की 'कार्यक्रम फार रटाळ होतात' आणि 'फार नाचगाणी होतात' हे दोन्ही गट असणारच. देव मधून गेला तरी ते जात नाहीत!

आता ब्रॅडलॉ. याने १८६६ मध्ये नॅशनल सेक्युलर सोसायटी स्थापन केली. १८८० मध्ये तो नॉर्दॅम्प्टनहून पार्लमेंटवर निवडून आला आणि म्हणाला, मी देवाची शपथ घेण्याऐवजी प्रतिज्ञा करतो. सभागृहाने नकार दिला. बरं, मग शपथ घेतो म्हणाला. तर म्हणे, नास्तिकाच्या शपथेला अर्थ काय? त्याला बिग बेनच्या मनोऱ्यातल्या कोठडीत एक रात्र ठेवलं. १८८१ मध्ये तर पोलिसांनी उचलून पार्लमेंटबाहेर काढलं. मतदार मात्र त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. पाच निवडणुका झाल्यावर १८८६ मध्ये तो सभागृहात बसला, आणि १८८८ मध्ये शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याचा हक्क देणारा कायदा त्याने करून घेतला. आपल्यापैकी ज्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतलं, त्यांना समारंभाआधी विचारलं गेलं असेल, देवाची शपथ की प्रतिज्ञा? आपल्याकडचे मंत्रीही 'ईश्वरसाक्ष शपथ' घेतात किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन' करतात. फॉर्मवरच्या त्या एका चौकटीमागे एका माणसाची सहा वर्षं आहेत.

हा ब्रॅडलॉ हिंदुस्थानच्या प्रश्नांवर पार्लमेंटमध्ये इतकं बोलायचा की त्याला 'हिंदुस्थानचा खासदार' म्हणत. आजारातून उठून तो डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला. योगायोग असा, की १८८९ च्या त्या अधिवेशनाला प्रतिनिधीही १,८८९ होते. टिळक होते, तरुण गोखले होते. देवभोळ्या हिंदुस्थानाने एका कट्टर नास्तिकाचं मनापासून स्वागत केलं, कारण तो आपल्या बाजूने उभा होता. ३० जानेवारी १८९१ ला तो वारला, तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेला लंडनमधले हिंदी लोक मोठ्या संख्येने गेले. त्यांत एकवीस वर्षांचा एक कायद्याचा विद्यार्थी होता, मोहनदास गांधी. आत्मचरित्रात त्यांनी ही आठवण नोंदवून ठेवली आहे. पुढे १९०० मध्ये लाहोरला ब्रॅडलॉ हॉल उभा राहिला. नास्तिकाच्या नावाने अखेर हॉल झाला, तोही आपल्या उपखंडात.

या सगळ्या हकिकतीत मला सारखे आठवतात ते आपले आगरकर. वय पाहिलं तर ब्रॅडलॉपेक्षा तेवीस वर्षांनी लहान, मिल आणि स्पेन्सर वाचून वाढलेले. १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. बुद्धीला पटेल तेच लिहायचं हा बाणा इंग्लंडातल्या कोणत्याही सेक्युलर वक्त्याच्या तोडीचा. पण आगरकरांच्या मागे हंबरस्टोन गेटसारखा हॉल नव्हता. दर रविवारी भेटणारी, सुखदुःखात धावून येणारी माणसांची बांधलेली फळी नव्हती. पुण्यात त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली गेली. १८९५ मध्ये, उण्यापुऱ्या ३८ व्या वर्षी ते गेले. आपल्या अंत्यविधीच्या खर्चाचे पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते, असं सांगतात. शाळेत हे ऐकलं तेव्हा मला त्यात फक्त त्यांची गरिबी दिसली होती. लेस्टरचा इतिहास वाचल्यावर त्यातलं एकटेपण दिसलं.

नंतर चित्र हळूहळू बदललं. १८९९ चे सीनियर रँग्लर र. पु. परांजपे जाहीरपणे बुद्धिवादी होते. हिंदुस्थानच्या प्रश्नाचं मर्म सांगणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३१ मध्ये लंडनच्या वॉट्स प्रकाशनाने छापलं. ही संस्था वर आलेल्या चार्ल्स वॉट्सच्या मुलाची. १९२७ पासून र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवलं, तेही बरंचसं एकट्यानेच. १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी राहिली. नरेंद्र दाभोलकरांनी ओळखलं होतं की लेखांनी मतं बदलतात, पण टिकतात ती शाखांनी. म्हणून गावोगाव शाखा, बैठका, शिबिरं, पुस्तकांचे स्टॉल. देव मानणाऱ्यालाही तिथे मज्जाव नव्हता. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्याच्या पुलावर त्यांचा खून झाला. त्यानंतर पुढची कित्येक वर्षं दर महिन्याच्या २० तारखेला कार्यकर्ते त्या पुलावर जमत राहिले. त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाने संमत केला. एक माणूस मारता येतो, पण सवयीने जमणारी माणसं थांबवता येत नाहीत.

हे सगळं दिवाळी अंकात का सांगतोय? त्याला कारण आहे. आमच्या ओळखीतले एक काका दोन हिवाळ्यांपूर्वी इथे वारले. आयुष्यभर इंजिनिअर, पक्के बुद्धिवादी. मंडळाच्या गणपतीला मात्र दरवर्षी मोदकाचं सारण करायला सगळ्यांत आधी हजर. त्यांनी लिहून ठेवलं होतं, माझ्यामागे कोणतेही विधी करू नका. काकूंनी आणि मुलांनी ते पाळायचं ठरवलं. क्रेमेटोरियममध्ये अर्ध्या तासाचा स्लॉट होता. आम्ही चाळीस-पन्नास जण काळे कोट घालून बसलो, आणि पुढे काय हे कुणालाच माहीत नव्हतं. भटजी असते तर त्यांनी 'हे घ्या, इथे फूल वाहा' असं सांगितलं असतं, हातांना काम मिळालं असतं. शेवटी काकांची नात उठली आणि आजोबांनी तिला सायकल कशी शिकवली ते मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं. मग एकेक जण उठला. वेळ संपली तरी लोक बोलतच होते. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "विधी केले नाहीत असं वाटलंच नाही रे."

ते निभावलं, पण नशिबाने निभावलं. ती मुलगी उठली नसती तर?

आपल्या मंडळात असे काका-काकू आणखी आहेत, आणि इथे वाढलेल्या मुलांत तर बरेच आहेत. त्यांतले काही आरतीला उभे राहतात, टाळ्या वाजवतात, प्रसाद आवडीने खातात. मीही त्यांतलाच. आपण त्यांना कधी विचारत नाही, आणि तेही बोलत नाहीत. भांडण नको म्हणून ते बरंच आहे. पण माणूस मंडळाचा सभासद होतो तो नुसत्या नाटकांसाठी आणि श्रीखंडासाठी नाही. परक्या देशात आपल्यामागे चार माणसं उभी राहतील, एवढ्या भरवशासाठी होतो. जिमसनने लेस्टरमध्ये विटा रचून तोच भरवसा बांधला होता. आपल्याकडे तो आधीच आहे, फक्त देव न मानणाऱ्यालाही तो आपला वाटायला हवा.

म्हणून कार्यकारिणीला एक लहानशी सूचना करतो. आपल्या सभासदपत्रिकेच्या शेवटच्या पानावर भटजींचे फोन नंबर असतात. त्याच पानावर अशी दोन-तीन नावं हवीत, जी धार्मिक विधी नको असलेल्या घरी नाव ठेवण्याच्या किंवा निरोपाच्या प्रसंगी पुढे होऊन चार शब्द बोलतील, कार्यक्रम नीट बसवून देतील. ऑस्टिन होलिओकने १८७१ मध्ये केलं तसं पुस्तक करायची माझी पात्रता नाही. पण काका गेल्यानंतर मी साध्या मराठीत तीन-चार पानांचा एक आराखडा तयार केला आहे : कोणी आधी बोलावं, मुलांना काय करायला द्यावं, कोणतं संगीत लावावं, स्तब्धता केव्हा पाळावी. ज्यांना हवा असेल त्यांनी हक्काने मागावा. आणि भटजींच्या यादीखालची पहिली रेघ रिकामी राहणार असेल, तर तिथे माझं नाव लिहायला हरकत नाही.

देव मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या, सगळ्याच वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा!